सामाईक फोल्डरची साफसफाई

चि. पिंटूस (पन्नाशीला टेकलास, टक्कल पडलं, तरी दुसरं नाव माझ्या तोंडात येत नाही) ताईचे भरघोस आशीर्वाद.

आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत पाय दुमडून बसू नकोस हे मी तुला तू शाळेत होतास तेव्हापासून सांगते आहे, पण डॉक्टरने सांगितल्यावरच तुला पटलं. भावजयीने विणलेला स्वेटर मिळाला. घालताना जरा घट्ट होतो, पण एकदा चढवला की उतरतच नाही, त्यामुळे थंडीची काळजी मिटली. परवा फोनवर तू कम्प्युटरचं विचारलंस आणि मी "छान चाललंय" म्हणून विषय मिटवला, कारण तुझे भाऊजी कान टवकारून शेजारीच बसले होते. खरं रामायण आता सांगते.

तू नवा कम्प्युटर माझ्या भरतकामाच्या दुकानात मांडलास आणि माझा नक्षी काढायचा जुना प्रोग्राम त्यावर चालेना, म्हणून त्याच्या पोटात एक जुन्या वळणाचा कम्प्युटर घातलास. व्हर्च्युअल मशीन म्हणे. आतला पाहुणा आणि बाहेरचा यजमान, असंही म्हणालास (बाहेरच्यावर माझेच यजमान बसतात, त्यामुळे हे मला लगेच समजलं). पण असा पाहुणा मी जन्मात पाहिला नाही. घरात राहतो, आपलीच मेमरी खातो, आणि घरातल्या एकाही कपाटात काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. पहिल्या दिवशी माउसचा बाण त्याच्यात शिरला तो बाहेर येईना. मी माउस टेबलाच्या कडेपर्यंत ओढला, पुढे टेबल संपलं. उजवीकडचं कंट्रोल बटण दाबायचं असतं, हे ह्यांनी कीबोर्ड पुसता पुसता चुकून शोधून काढलं आणि दिवसभर मिरवलं.

गिऱ्हाईक चित्र पाठवतं ते बाहेरच्या कम्प्युटरवर, नक्षी बनते आतल्यात, आणि बनलेली नक्षी पेनड्राइव्हमधून शिलाईच्या मशीनवर न्यायची तर पुन्हा बाहेर यायला हवी. त्यासाठी तू 'सामाईक' नावाचा फोल्डर करून दिलास. "यात टाकलेलं दोन्हीकडे दिसतं." दिसतं, एवढंच म्हणालास. मी समजले, घराची किल्ली जशी दोघांकडे एकेक असते तशी एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. ह्यांचाही तोच समज. खोली एकच आहे आणि तिला दोन दारं आहेत, हे तू सांगितलंच नाहीस (किंवा सांगितलंस तेव्हा मी चहा टाकायला गेले असेन).

आता ह्यांचं सांगते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे पुढच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर देखरेख करायचे. दिवसभरात आमच्यात बोलणं व्हायचं ते चहा झाला का आणि दिवा मालवला का, इतकंच. मला ते फार लागायचं. तुला कधी बोलले नाही. कम्प्युटर आला तसं ह्यांनी मनावर घेतलं की कोणत्या रस्त्याखाली कोणता व्हॉल्व गाडलाय त्याचा नकाशा काढायचा, नाहीतर नवे लोक एका व्हॉल्वसाठी अख्खा रस्ता उखडतात. सकाळी हे बाहेर, दुपारी मी आत. म्हणजे आधी निदान एका घरात होतो, आता एका कम्प्युटरमध्ये असूनही गाठ पडेना.

तर हे नकाशे 'सामाईक'मध्येच ठेवायचे (दुसरा फोल्डर ह्यांना माहीतच नव्हता), त्यामुळे मला तिथे ह्यांच्या फायली दिसायच्या. 'उत्तर भाग', 'उत्तर भाग खरा', 'उत्तर भाग खरा हाच'. मी म्हटलं, ह्यांच्याकडे प्रत आहेच, माझ्या बाजूला ही अडगळ कशाला? रोज केर काढल्यासारख्या उडवत गेले. तिकडे हे सकाळी माझी बदकं आणि फुलपाखरं उडवत होते. माझी नक्षी नाहीशी झाली की मला वाटे आतला कम्प्युटर खातोय, ह्यांचा नकाशा गेला की ह्यांना वाटे व्हायरस आलाय. पण आपल्याला जमत नाही हे एकमेकांना सांगायचं कोणी? दोघंही तोंड मिटून पुन्हा पहिल्यापासून करायचो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, आमच्याकडे दोघंही दळत होतो आणि दोघंही खात होतो.

मग रुग्णवाहिकेच्या चालकांची जाकिटं आली. माझं एवढंच एक बांधलेलं गिऱ्हाईक. मागच्या वेळी उशीर झाला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे जाईल, आणि ते गेलं तर माझ्या दुकानाला कुलूप. जीव ओतून बिल्ल्याची नक्षी केली आणि 'सामाईक'मध्ये टाकली. कॉपी नाही, कट करून (आमच्या धंद्यात कापल्याशिवाय शिवता येत नाही, हात तसाच वळतो). दुसऱ्या दिवशी जाकिटं द्यायची, मशीनला धागे ओवून ठेवलेले, फोल्डर उघडते तर आत शुकशुकाट. ह्यांना हाक मारून सांगितलं, झालं, दुकान बंद. आणि पिंट्या, मी रडले.

हे उभ्याउभ्या म्हणाले, "तुझं तुझ्याकडे असेल ना. मी तर फक्त माझ्या बाजूचं उडवलं."

"मीही फक्त माझ्याच बाजूचं उडवत होते," मी म्हटलं.

मग हे जे हसायला लागले ते खुर्ची धरून. बाहेरच्या कम्प्युटरची कचऱ्याची टोपली उघडली तर माझी नक्षी वरच पडलेली, खाली सगळी बदकं. खात्यात जन्म गेलेला माणूस, त्याला टोपलीतला कागदसुद्धा फेकवत नाही. ती सवय मला आयुष्यात पहिल्यांदा आवडली. जाकिटं वेळेवर गेली.

पण ह्यांचा नकाशा नाही सापडला. मी आतून उडवलेलं कुठल्याच टोपलीत पडत नाही, थेट जातं. दोन्हीकडच्या टोपल्या पालथ्या घातल्या. मला तोंड वर करवेना. हे म्हणाले, "डोक्यात आहे. पुन्हा काढीन."

आता माझ्या कापायच्या टेबलावर तपकिरी कागद पसरून पेन्सिलीने काढतात. कम्प्युटरवर विश्वास राहिला नाही. ह्यांना रस्ते व्हॉल्ववरून आठवतात आणि मला गिऱ्हाइकांवरून, त्यामुळे प्रत्येक वळणावर वाद. दवाखान्यामागची गल्ली डावीकडे वळते की उजवीकडे यावर दोन दिवस गेले. शेवटी जाऊन बघितलं, ती वळतच नाही. फायलींचा नियम असा ठरला की मी आतून म्हणायचं "टाकली", मग ह्यांनी पेन्सिल कानाला लावून यायचं, बाहेरच्या बाजूने बघायचं आणि म्हणायचं "आली". विचारल्याशिवाय कोणी काही उडवायचं नाही. एका बदकासाठी दोन माणसं. कामाचा किती खोळंबा होतो ते तूच ताड. कळावे,

तुझी ताई

ता. क. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा दुसरा कम्प्युटर आणतो म्हणालास, म्हणजे ज्याचा त्याला होईल. आणू नकोस. हात हलवत ये, चार दिवस राहा.

आणखी एक. हे तुला हळूच फोन करून विचारतील, ती फाइल बाहेर घ्यायला खरंच दोन माणसं लागतात का. लागतात म्हणून सांग. (लागत नाहीत. मला एकटीला केव्हाच येतं.)