बंडल त्याचं, काडीपेटी माझी

१० नोव्हेंबर, सोमवार
ठक्. ठक्-ठक्. टेबलावर गुरुजींच्या डस्टरचा ठोका, आणि त्यावर पाचवीचा सगळा वर्ग चालीत. पहाटे अर्धवट झोपेत तोच आवाज. नदीची कविता. गुरुजींची अट एकच : कडवं एका दमात. मधे श्वास घेतला तो खाली बसला. शेवटी उभे राहायचो दोघेच, मी आणि माझ्या शेजारी बसणारा शेषराव. त्याला शब्द आठवत नसत, मला चाल सापडत नसे. तो चाल धरी, मी शब्द पुरवी.
उठून मागच्या अंगणात म्हणून पाहिली. दुसऱ्या ओळीतच दम संपला. मग खोकला. चुलीपासून कमल म्हणाली, "फुका अजून बिड्या."
बायकोचं हे वाक्य लग्नाइतकंच जुनं, ते लागत नाही. ती अर्धी राहिलेली ओळ मात्र दिवसभर टोचली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
एस.टी.ने तालुक्याला, मालेगावला. दवाखान्यात नातीच्या वयाची डॉक्टर. नळीत फुंकायला लावलं. फुंकर कसली, उसासाच तो.
"आजोबा, कधीपासून ओढता?"
"मिसरूड नव्हती तेव्हापासून."
"आणि आता सोडावीशी का वाटते?"
खरं सांगून टाकलं. कवितेसाठी. वाटलं हसेल. नाही हसली. म्हणाली, "मग तलफ आली की तीच म्हणा. तलफ फार टिकत नाही, दोनचारदा म्हणेपर्यंत ओसरेल. आणि ओढणाऱ्यांजवळ बसू नका."
पहिलं जमेल. दुसरं

१३ नोव्हेंबर, गुरुवार
काल दुसऱ्यापाशी पेन थांबलं. आज लिहितो.
स्टेशनाबाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळची गाडी आमच्या जऊळक्याहून सुटेपर्यंत तिथे मी आणि शे., तोच शेषराव. जवानीपासूनची वाटणी : बंडल त्याचं, काडीपेटी माझी. म्हणजे एकट्याने ओढायची सोयच नाही. मागे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझा मुलगा गजानन आणि त्याचा पुतण्या समोरासमोर उभे राहिले. गजानन निवडून आला. तेव्हापासून शे. माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी. माझी पायरी तो चढलेला नाही. बाक मात्र दोघांनीही सोडला नाही. तो न बघता बिडी पुढे करतो, मी न बघता काडी ओढतो. एका काडीवर दोन बिड्या. मग गाडी जाते, आम्ही आपापल्या रस्त्याने.
एवढंच उरलं आहे आमच्यात. बिडी सोडली की तेही संपलं.
क.ला सांगितलं. म्हणाली, "मंग बोला ना त्याच्याशी."
"तो बोलला तर बोलीन."
"म्हातारे झाले दोघंबी, पर अक्कल पाचवीतच राह्यली."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळपासून नाही. चहानंतर फार कठीण गेलं. लवंग चावली, कविता म्हटली, परत म्हटली.
क. : "बिडीचा वास परवडला. शेजारीन इचारून राह्यली, बुढ्याले काय झालं म्हून."
संध्याकाळी काडीपेटी खिशात घालून बाकावर. शे.ने बिडी पुढे केली. मी काडी ओढून त्याची पेटवून दिली, माझी घेतली नाही. त्याचा हात तसाच. काडी जळत माझ्या बोटापर्यंत आली. मग त्याने ती बिडी कानावर खोचली.   धूर माझ्या नाकाशी, आणि मी मनात नदीची कविता. गाडीही नेमकी आज उशिरा.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शे. आता बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसतो. मधे तीन माणसं मावतील. काडी द्यायला मला उठून जावं लागतं. बिडी पेटली की तोंड तिकडे. राग धरला असेल. धरू दे. बिडी नाकारणं म्हणजे त्याच्या लेखी ताटावरून उठणं.
घरी चिडचिड. भाजीत मीठ जास्त म्हणून बोललो. क. म्हणाली, "मीठ तेवढंच हाये. तुमची जीभ जागी होऊन राह्यली."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मी किती मूर्ख.
आज वारा फिरला. रोज माझ्याकडून त्याच्याकडे वाहतो, आज उलटा. शे. आला, थांबला, निंबाचा पाला कुठे हलतो ते पाहिलं, आणि माझ्या नेहमीच्या टोकाला जाऊन बसला. मला उठून दुसरं टोक धरावं लागलं. बिडी पेटली. धूर माझ्याकडे आलाच नाही.
म्हणजे रोज हेच. राग नव्हे, वारा बघून बसत होता.
गाडी गेल्यावरही मी थोडा वेळ उठलो नाही. "शेषराव" एवढं तरी म्हणावं असं वाटलं. ओठापर्यंत आलं. तो मात्र चपला घालून निघालाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो! थोडी ओढाताण झाली, पण पोचलो. तुरीच्या कडेने फिरायला गेलो तर फुलांचा वास आला, मंद, गोडसर. इतकी वर्षं या शेतातून जातोय, तुरीच्या फुलाला वास असतो हे विसरलोच होतो. शाळेत जाताना याच बांधावर शे. चाल गुणगुणत पुढे आणि मी मागून शब्द ओरडत. हलकं वाटलं. पोरासारखं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कारंज्याला लग्न होतं. जेवणानंतर मांडवामागे जुन्या ओळखीच्या एकाने बिडी पुढे केली. घेतली. दोन झुरके. डोकं गरगरलं, तोंड कडू. टाकून दिली. परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसलो.
क.ला सांगावं लागलंच नाही, तिचं नाक सांगतं. वाटलं बोलेल. पाणी दिलं, म्हणाली, "लेकरू चालता चालता पडते, मंग उठते. उद्यापासून उठा."
हे बोलणं इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं हिने?

२ डिसेंबर, मंगळवार
शे. आला नाही. गाडी आली, गेली. बाक एवढा लांब आहे हे आजच कळलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
आजही नाही. रोज काडीपेटी घेऊन जातो, भरलेली परत आणतो. आजारी असेल का? की मी चुकलो? त्याला एकट्याने ओढायला लावली मी. जवानीतली वाटणी मी मोडली.
फार तलफ आली. टपरीपर्यंत गेलो होतो. तिथेच उभ्याने कविता म्हटली. टपरीवाला बघत राहिला, "काय गा आजा, भजन लावलं का?" घरी परतलो, न घेता.
क. म्हणते त्याच्या घरी जा. गल्लीच्या तोंडाशी गेलोही होतो. आतून त्याचं खोकणं ऐकू आलं. आहे, म्हणजे आहे. जीव भांड्यात पडला. पण पाय पुढे पडेना.

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी पूर्ण कडवं. एका दमात. अंगणात कोणी नव्हतं ऐकायला, कोंबड्या सोडून. गुरुजी असते तर डस्टर वाजवलं असतं. डोळे भरून आले आणि हसूही आलं. गंमत अशी की चाल अजूनही चुकते, नेहमीच्या जागी.
आज बाकावर जात नाही. ठरवलं, चहा घेऊन सरळ शे.च्या घरी. काय बोलायचं ते इथे आधी लिहून बघावं म्हणून बसलो. शेषराव, गड्या, तुझ्यावाचून
बाहेर कोणीतरी गुणगुणतं आहे. नदीची चाल. बरोब्बर चाल, शब्द एकही नाही. दुसऱ्या ओळीत दम तुटला. खोकला. परत पहिल्यापासून. परत तिथेच तुटला.
क. दाराशी गेली. तिचा आवाज, "या भाऊजी, अंदर या. पायरीवर काहून उभे?"
आणि तो आवाज, निवडणुकीनंतर पहिल्यांदा, "अंदर मंग येतो वयनी. पयले त्याले इचारा, दुसऱ्या ओळीत पुढं काय हाये."
इथून दिसतो आहे. एक हात चौकटीवर, दुसरा सदऱ्याच्या खिशात. खिसा बंडलाने फुगलेला की रिकामा, ते दिसत नाही. कानावर बिडी नाही. आठवडाभर बाकावर का आला नाही, ते आता लक्षात येतं.
उठतो. शब्द द्यायला हवेत.