संजयभावजींच्या लग्नाची कॅसेट

प्रिय नम्रता,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धड आहेत. तुझ्या थोरल्या दादांची साखर वर असते, पण ते जिलबी सोडत नाहीत, त्याला मी काय करू. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू दोन वाक्यांत ‘बरं वहिनी, ठेवते’ म्हणतेस. कागद तसा तोडता येत नाही, बाजूला टाकलास तरी तिथंच पडून राहतो. अक्षर माझंच आहे. पाचवीच्या पुढं शाळा बघितली नाही, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. पत्ता तेवढा नातीकडून, तेजस्विनीकडून, घालून घेतला, बार्शीला भलत्याच्या दारात जायला नको म्हणून.

तर ऐक. येरवड्याच्या पुढं एक म्युझियम झालंय. मला वाटलं तलवारी असतील, पितळेची भांडी असतील. तसलं काही नाही. सगळं आत्ताच्या लोकांनी केलेलं. एका खोलीत नुसत्या विटा रचून ठेवल्यात. आपल्या मळ्यावर टॉवर उठला तेव्हा असल्या विटा वर्षभर दारात होत्या, बघायला कुत्रं आलं नाही. मी काही हौसेनं गेले नव्हते. त्यांनी जाहिरात दिली होती की घरातल्या जुन्या लग्नांच्या कॅसेटी आणा, पेनड्राइव्हवर फुकट घालून देतो. त्यात कुणी नाचलं असेल तर तेवढा तुकडा रविवारच्या कार्यक्रमात भिंतीवर दाखवणार. तेजूनं मला मोबाइलवर वाचून दाखवलं. संजयभावजींच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर होतीच. मागं एकदा ती नारायण पेठेतल्या एका दुकानात नेली होती, तर तो म्हणाला, हिला बुरशी आलीय काकू, आता फ्रेम करून भिंतीला लावा. ते डोक्यात होतं. म्हटलं, इथं होतंय का बघू.

तिथं संस्कृती नावाची एक मुलगी सगळं बघते. केस पोरासारखे कापलेत, पण बोलायला सरळ आहे. कॅसेट घेताना म्हणाली, मावशी, रविवारी याच, आधी दुसऱ्या फिल्मा पण असतात, नाचाच्या. गेले. पहिल्या फिल्ममध्ये एक बाई रिकाम्या गोडाउनमध्ये इकडून तिकडं चालली, मग जमिनीवर लोळली. गाणं नाही, काही नाही. मी शेजारणीला विचारलं, नाच कधी सुरू होणार. ती म्हणाली, संपला. खुर्च्यांना पाठी नाहीत आणि चहा बिनसाखरेचा. उठून यायचं मनात होतं, पण पेनड्राइव्ह त्यांच्याकडं अडकलेला.

आणि मग भिंतीवर तू आलीस. एवढी मोठी, नम्रता. नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या पाया पडायला निघालाय, पुढं बँड, भर दुपारचं ऊन. व्हिडिओवाल्यानं कोपऱ्यांत बदाम उमलवलेत आणि वरून सिनेमाचं भलतंच गाणं घातलंय. मध्ये तू. मोरपंखी परकर-पोलका, वेणी सुटलेली, एकोणीस वर्षांची. बँडवाले तुझ्याकडं तोंड करून वाजवतायत. असं नाचणारं आपल्या घरात आधी कुणी नव्हतं आणि नंतरही झालं नाही. मग उजव्या बाजूनं एक हात येतो. हिरवा चुडा, मनगटावर गोंदलेली तुळस. तुझा दंड धरतो आणि तुला चित्रातून ओढून काढतो. बँड तिथंच, घोडा तिथंच, मधली जागा रिकामी.

लोक हळहळले. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला उठला आणि घराण्यांची इभ्रत, पुरुषांची सत्ता असं बरंच बोलला. असल्यांना माईक दिला की आवरत नाहीत, हे त्या रविवारी मला कळलं. मला ऐकवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, “तो हात माझा आहे.” सगळी मुंडकी मागं वळली. संस्कृतीनं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का ओढायला. आणि माझ्या तोंडून सवयीनं आलं, सासूनं. लोकांनी माना हलवल्या. सासू म्हटल्यावर कोण शंका घेतो.

तुलाही मी तेच सांगितलं होतं. त्याच दिवशी, मागच्या खोलीत. तू हमसून रडत होतीस आणि मी म्हटलं, माझ्यावर कशाला चिडतेस, आईला लाज वाटली तुझी, तिनंच पाठवलं मला. तेव्हापासून तू नाचली नाहीस. मंडळाच्या हळदीकुंकवात नाही, पोटच्या पोराच्या लग्नात नाही. आणि आईशी धड बोलली नाहीस. भाऊबिजेला यायचीस, भावांना ओवाळायचीस, पण तिच्या हातचा चहा कधी घेतला नाहीस. आताच प्यायले, म्हणायचीस. ती भरलेला कप घेऊन परत आत यायची आणि मोरीत ओतायची. हे मी पंचवीस वर्षं बघितलं. ती गेली तेव्हा तू आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस.

तर त्या हॉलमध्ये काय झालं, संस्कृती म्हणाली, हाच तुकडा आपण परत बघू, पण आवाज बंद करून, म्हणजे पाय नीट दिसतील. परत लावला. गाणं नाही म्हटल्यावर खरंच सगळं वेगळं दिसायला लागलं. दुसऱ्या रांगेत शनिवार पेठेतल्या एक म्हाताऱ्या नाचाच्या बाई होत्या, मुलींना शिकवायच्या म्हणे. त्या काठी टेकत भिंतीपाशी गेल्या आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “ह्या बाई बघा. ह्या ताल धरतायत.”

तिथं तुझी आई होती. ओवाळणीचं ताट घेऊन उभी, डोक्यावर पदर, आणि ताटाच्या कडेवर तिची चार बोटं चाललेली. तुझा पाय पडला की बोट पडतंय. एक चुकत नाही. निरांजन हलतंय आणि ती हसतेय. इतकी वर्षं कॅसेट घरात होती, पाचसहा वेळा सगळ्यांनी मिळून बघितली असेल, पण त्या गाण्याच्या गोंगाटात आणि नवरा-नवरीकडं बघण्यात कोपऱ्यातल्या बाईकडं कोण बघतंय. मग माझा हात आला. तू गेलीस. तिची बोटं थांबली, आणि तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

हॉलमधले सगळे पण माझ्याकडं बघत होते. मी बसले होते ती परत उठले. म्हटलं, “कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनानं गेले.” आणि खाली बसले. दाढीवाला परत माईक मागत होता, संस्कृतीनं दिला नाही. मुलगी हुशार आहे.

आता का गेले ते लिहून टाकते, घोळवत बसायची मला सवय नाही. माझ्या माहेरी मी गणपतीच्या मिरवणुकीत चार पावलं टाकली होती, तर आईनं तापल्या चिमट्यानं पोटरी भाजली. डाग आहे अजून. तुमच्या घरात येऊन मला तीन वर्षं झाली होती, वाटलं, सगळीकडं असंच असतं. हे झालं सांगण्यासारखं कारण. दुसरं असं की तुला नाचता येत होतं, सगळे तुझ्याकडं बघत होते, आणि मी नव्या चुड्यातली सून पाण्याची कळशी धरून उन्हात उभी होते. मला बघवलं नाही. एवढंच आहे, याच्या मागं काही मोठं नाही.

तुझ्या आईला हे माहीत होतं. तू तिला तोंडावर विचारलंस ना, माझी लाज वाटली का, तेव्हा मी चुलीपाशी होते. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गप्प राहिली. तिनं खरं सांगितलं असतं तर तुझ्या दादांनी मला त्या दिवशीच माहेरी नेऊन घातलं असतं, तेव्हा त्यांचा राग तसाच होता. पुढं बऱ्याच वर्षांनी लसूण सोलता सोलता ती मला म्हणाली, मालन, तुला जमेल तेव्हा सांग तिला. मी हो म्हटलं. नंतर ती तीन पावसाळे होती. मी सांगितलं नाही.

म्युझियमला आता हा तुकडा महिनाभर मोठ्या भिंतीवर लावायचाय, आवाजाशिवाय. त्यासाठी सही लागते. मी म्हटलं, आण इकडं, घरातली थोरली मी आहे. तर संस्कृती म्हणाली, नाही मावशी, ज्या नाचल्या त्यांची सही. मी भांडले. मग घरी येताना रिक्षात विचार केला की बरोबरच आहे, मागच्या वेळेला पण तुला न विचारता मीच ठरवलं होतं. म्हणून कागद सोबत घातलाय. करायची तर कर, नसेल करायची तर फाडून टाक, मी विचारणार नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही बरोबर आहे, इतकी वर्षं ते माझ्या वाट्याचं तुझ्या आईनं खाल्लं. पण हे पत्र त्या सहीसाठी नाही लिहिलं. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, पोराला सांग टीव्हीला लावायला. आवाज बंद कर. आणि स्वतःकडं बघू नकोस, माझ्या हाताकडं तर नकोच, डाव्या कोपऱ्यात ताटाच्या कडेवर बघ.

तुझीच,
मालनवहिनी