पायथ्याचं गढूळ पाणी

प्रिय डोनलकाका,

उद्या पुन्हा पाऊस सांगितलाय. तुमचा दांडा दाराशी उभा आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. सकाळी तो घेऊन बांधावर जायचंय, आणि खरं सांगू? मला भीती वाटतेय. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण इंग्रजीत मला नीट घाबरता येत नाही, त्याला मी काय करू?

इथल्या रीतीप्रमाणे मी तुम्हाला नावानेच हाक मारायला हवी होती. पण माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं डोनल? जीभच वळेना. 'काका म्हणजे काय?' तुम्ही विचारलंत. वडिलांचा भाऊ, मी म्हटलं. 'मग तुझ्या वडिलांना कळवलंस का, की त्यांना आयर्लंडमध्ये एक भाऊ आहे?' मी खरंच कळवलं होतं. बाबा पुण्याहून फोनवर दरवेळी विचारायचे, आमचे बंधू कसे आहेत.

विशीत आयर्लंडमधल्या मेयोहून इकडे आलात आणि सगळी नोकरी धरणं आणि पूल तपासण्यात घालवलीत. निवृत्त झालात ते फक्त पगारातून. चर्चच्या हॉलचा बॉयलर तुमचा, गल्लीतल्या पोरांच्या सायकली तुमच्या, साठेमावशींच्या व्हीलचेअरसाठीचा उतार तुमचा. दर रविवारी तिन्ही मुली आणि नातवंडं जेवायला, आणि बटाटे सोलायला तुम्ही! आमच्या मंडळाचं मखर करायला घेतलंत तेव्हा त्याला इतके आडवे-तिरपे टेकू दिलेत की त्यावर हत्ती उभा राहिला असता. 'मग? तुमचा देव हत्तीच आहे ना?' म्हणालात.

आणि हा बांध. आमच्या कॉलनीच्या वर जुनं तळं आहे, त्याला अडवणारा मातीचा बांध आहे आणि त्याच्या खाली आमची घरं आहेत, हे घर घेताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तळं दिसलं, 'लेक व्ह्यू' म्हणून आम्ही हुरळलो. तुम्ही मात्र दर शनिवारी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधावर चालायला जायचात. मी माझ्या मुलीला, ईराला, बाबागाडीत घालून मागे मागे. तुम्ही शीळ घालत पुढे, दांड्याने गवत बाजूला करत, जमीन कुठे मऊ लागते का, कुठल्या प्राण्याने बीळ केलंय का, ते बघत. आयरिश माणसाची काठी, म्हणजे काहीतरी खास असेल असं मला वाटायचं. तो निघाला मोडक्या झाडूचा दांडा!

पायथ्याशी एक नळी आहे, तिच्यातून बांधाचा पाझर चरात पडतो. तिथे तुम्ही दरवेळी वाकायचात. 'प्रत्येक बांध पाझरतो. पाणी स्वच्छ असेल तर घरी जा, चहा पी. गढूळ असेल तर ते बांधाची माती घेऊन निघालंय. मग विचार करत बसू नकोस. फोन कर.' तुम्ही बोललात इंग्रजीत, मला आठवतं ते मराठीत.

चुकीचा फोन झाला तर, असं मी एकदा विचारलं. तेव्हा शीळ थांबली आणि तुम्ही सांगायला लागलात. तुमच्या गावाच्या वर डोंगरउतारावर दलदल होती. लोक तिथली माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळायचे. तुमच्या वडिलांना त्या उतारावर भेग दिसली, हातभर रुंद. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं आणि काही झालं नाही, तर गाव हसेल म्हणून. मग पाऊस लागला आणि अख्खा उतार खाली आला. शेजारच्या घरातली म्हातारी गेली. वडील पुढे बरीच वर्षं जगले, पण त्या घराकडे तोंड करून कधी बसले नाहीत.

लोक काय म्हणतील! मला वाटायचं, हा रोग फक्त आमच्याकडचा.

मार्चमध्ये तुम्ही गेलात. आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी भलंमोठं पातेलं भरून पिठलं-भात घेऊन आले. बघते तर काय, शेगडीवर किटल्या उकळतायत, टेबलावर सँडविचचे डोंगर, तुम्ही बाहेरच्या खोलीत शवपेटीत शांत झोपलेले, आणि माणसं तुमच्याशेजारी बसून चक्क हसतायत. पातेलं कुठे ठेवावं तेच कळेना. मॉरीनकाकूंनी ते घेतलं आणि बदल्यात हा दांडा हातात दिला. 'हे काम त्याने तुलाच सांगितलं होतं,' एवढंच म्हणाल्या. मला कधी सांगितलं होतंत हो? त्या घोळक्यात मला नाही म्हणता आलं नाही.

आता गेल्या आठवड्याचं ऐका. इथे बाप्पा शनिवार बघूनच जातात. मंडळाच्या मोठ्या टबात सगळ्यांच्या शाडूच्या मूर्तींचं विसर्जन झालं, आरत्या झाल्या. रविवारी कुठल्याशा वादळाचं शेपूट आलं आणि पाऊस नुसता कोसळला. सोमवारी उजाडल्यावर मी बांधावर गेले. तळं काठोकाठ. चराशी वाकले.

पाणी गढूळ होतं, काका!

समोर आमच्या घराचं छप्पर दिसत होतं, आत ईरा झोपलेली. फोन काढला, ओल्या बोटांनी उघडेना. आणि त्या तेवढ्या वेळात मनात काय आलं सांगू? चुकलं तर? मी कम्प्युटरवाली बाई, मला काय कळतं धरणातलं? सगळे हसतील. मग तुमच्या वडिलांची ती भेग आठवली आणि मी फोन लावला.

अग्निशामक दलाची माणसं घराघरांत गेली. आमची खालची अख्खी रांग शाळेच्या जिममध्ये. साठेकाकांनी गोळ्यांचा डबा तेवढा उचलला होता, पायात चपला दोन वेगळ्या. ईराने विचारलं, "मॉम, इज द लेक कमिंग टू अवर हाउस?" "नाही गं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

दुपारी काउंटीची इंजिनिअर आत आली. तरुण मुलगी, चिखलाने माखलेली. माझ्यासमोर येऊन तिने मूठ उघडली. तळहातावर शाडूचा उंदीर! अर्धा विरघळलेला, एकच कान उरलेला, डोळ्याचा काळा ठिपका मात्र जागच्या जागी. पाझर स्वच्छ आहे, ती म्हणाली. बांधाची माती लाल आहे, ही पांढुरकी माती उतारावरून वाहून चरात आलीय. हे तुमच्यापैकी कोणाचं आहे का?

माझ्या मागे माझा नवरा खाकरला. "अगं, टब आम्हीच ओतला तिथे. बाप्पाची माती, पायदळी जायला नको म्हणून. बांधावर कोणी फिरत नाही ना!"

"कोणी फिरत नाही? मी फिरते, समीर!" मी इतकी ओरडले की जिममधले सगळे वळून बघायला लागले.

आणि मग हशा. साठेकाका म्हणाले, "डोंगर पोखरून उंदीर काढलास गं मंजिरी!" मीसुद्धा हसले. काय करणार? मंडळातले आणि कॉलनीच्या कमिटीतलेही असलेले कुलकर्णी माझ्या शेजारी येऊन बसले. "नो इशूज. पण नेक्स्ट टाइम जरा कन्फर्म करून मग कॉल कर ना. लोकांनी मीटिंग्ज कॅन्सल केल्या यार."

कन्फर्म म्हणजे काय हो, काका? बांध फुटला की झालंच की कन्फर्म!

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. बांधाची भीती होतीच, आता माझीच मला भीती वाटते. उद्या पाणी पुन्हा गढूळ दिसलं, तर मी फोन करेन, की आधी उंदीर शोधत बसेन? एकदा हसं झालेली बाई दुसऱ्यांदा किती वेळ थांबते? तुमचे वडील तर एकदाही हसं न होता थांबले होते.

दांडा परत करावा म्हणून आज मॉरीनकाकूंकडे गेले. म्हटलं, मला नाही जमणार, मला डोनलकाकांसारखं धीट होता येत नाही. त्या कप विसळत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "बांधावर जायच्या आधी तो उलटी करायचा. दरवेळी. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा."

दरवेळी? आणि मग ती शीळ? मला वाटायचं, शीळ घालणाऱ्या माणसाला भीती कसली! मी इतकी वर्षं तुमच्या मागून चालले, एका शब्दाने सांगितलं नाहीत! पाझर कसा बघायचा ते शिकवलंत, बीळ कसं ओळखायचं ते शिकवलंत, आणि हे तेवढं नळाखाली लपवून ठेवलंत? फार राग आला मला तुमचा. अजूनही आहे. मी वाट बघत होते, की एक दिवस तुमच्यासारखी माझीही भीती जाईल आणि मग मी या कामाच्या लायक होईन. ती जात नसते, एवढं सांगायला काय झालं होतं?

दांडा मी परत घेऊन आले. काकूंनी सोबत भाताचं तेच पातेलं दिलं, मार्चपासून त्यांच्याकडेच राहिलेलं, आता त्यात गरम ब्रेड.

बाहेर आभाळ भरून आलंय. काका, तुम्हाला शब्द देते. उद्या जाईन. चराशी वाकेन, पाण्याचा रंग बघेन, पांढुरका की लाल, एकदाच. शंका उरली तर तिथूनच फोन लावेन. पुन्हा उंदीर निघाला तर पुन्हा हसू दे सगळ्यांना, आणि त्यानंतरच्या पावसात मी पुन्हा फोन लावेन.

शीळ मला येत नाही. आणि उलटी झालीच, तर मी नळ सोडून ठेवणार नाही. ईराला ऐकू येऊ दे. आणि मग मला बूट घालताना बघू दे.

तुमची,
बांधाखालच्या घरातली
मंजिरी