मुख्य अर्जदाराचे शब्द

३ जून

झालं! परदेशाच्या अर्जावर मुख्य अर्जदार हाच. मी 'सोबत येणारी व्यक्ती'. एजंट सांगत होता, दोघांचीही कामं तिथे चालतात, इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेत ज्याला जास्त मार्क त्याच्या नावानं करा. पण नवरोबांनी परीक्षेआधीच निकाल लावला. "सगळे नवऱ्याच्याच नावानं करतात."

सोबत येणाऱ्याला तिथे नोकरी करता येत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं कवळ्या बनवल्या त्या कशासाठी? तिथे जाऊन खिडकीत बसायला?

५ जून

क्लासचे सर म्हणाले, अवघड शब्द नुसता घोकू नका, ओळखीच्या माणसाला चिकटवा. मग विसरत नाही.

'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी — नवरा. 'कम्प्लेसंट', म्हणजे स्वतःवरच खूश — नवरा. 'इन्डोलंट', म्हणजे आळशी — आता काय सांगू! पानभर शब्द एका बैठकीत पाठ. 'इन्ट्रेपिड', म्हणजे न डगमगणारा, याला मात्र घरात माणूस सापडेना. मी नाही. सासूबाई? छे! त्या तर लिफ्टमध्येही माझा हात घट्ट धरतात.

११ जून

त्याचा अभ्यासही मीच घ्यायचा! दिवसभर मेणात दात बसवून मान मोडते, आणि घरी आलं की हा सोफ्यावर पाय पसरून, "हं, विचार." मी विचारते. "थांब, थांब, ओठांवर आहे!" ओठांवर चहा असतो. शेवटी उत्तर मीच देते. वर म्हणतो, "तू घाई फार करतेस."

सासूबाई आत मटार सोलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अगं, परीक्षा नक्की कोणाची आहे? मला तर तुझाच आवाज येतो."

"आई, तुला त्यातलं कळत नाही," हा म्हणाला.

२४ जून

परवा परीक्षा. मी म्हटलं, माझीही आहे, आज मला वाचू दे. "तुझं काय गं, काठावर पास झालीस तरी चालतंय."

काठावर! मी कप आपटला. कान तुटला. त्याचाच कप होता, बरं झालं.

२६ जून

दिली परीक्षा. तो म्हणतो, सोप्पी होती. मला नाही वाटली.

१० जुलै

निकाल! मला सगळ्यात वरची श्रेणी. हा पास झाला, पण मुख्य अर्जदाराला लागतात तेवढे मार्क नाहीत. एजंट म्हणाला, "मॅडम, आता अर्ज तुमच्याच नावानं."

आणि हा काय म्हणाला? "मला शिकवायच्या नावाखाली तू स्वतःचा अभ्यास करून घेतलास." चोराच्या उलट्या बोंबा!

१४ जुलै

चार दिवस तोंड फुगवून बसलाय. "बायकोच्या मागून बॅगा ओढत जाऊ? लोक काय म्हणतील?" मी मागून जाणार होते तेव्हा लोकांची दातखीळ बसली होती वाटतं! शेवटी म्हणाला, "मी नाही येणार. बघू एकटी कशी जातेस."

न्हाणीघरात जाऊन रडले. रागानं. कारण एकटीनं जायचं धाडस माझ्यात नाही, आणि ते त्याला पक्कं माहीत आहे. ठरवलं, उद्या एजंटला सांगायचं, अर्ज रद्द करा.

१५ जुलै

सकाळी फोन हातात घेतला, तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तो नाही म्हणतोय ना? मग सोबतीची जागा रिकामी आहे. सासू चालते का, विचार त्या माणसाला."

हा सोफ्यावरून ताडकन उठला.

"आणि हेही विचार," त्या हळूच म्हणाल्या, "विमानात लिफ्टसारखा पोटात गोळा येतो का गं?"