जुन्नरच्या बाजारातला थाई सॉस

२ फेब्रुवारी, रविवार
निर्णय झाला. खत-औषधांचं दुकान यापुढे धाकट्या भावानं, आदेशनं बघायचं. मी फूड लाइनमध्ये. कंपनीनं आम्हा डीलर लोकांना टार्गेटच्या बक्षिसात थायलंडला नेलं, तेव्हाच माझ्यातला शेफ जागा झाला होता. जुन्नरच्या बाजारात घरचं थाई जेवण आणि सॉस. कॉम्पिटिशन शून्य. हर्षालीला सांगितलं. म्हणाली, अहो, तुमाला चहा तरी करता येतो का? बायकोला व्हिजन नसते.

५ फेब्रुवारी
फिश सॉस सुरू. येडगाव धरणाची बारकी मासळी, मीठ, बरणी, गच्ची. यूट्यूबवर वर्षभर मुरवा म्हणतात. त्यांच्याकडे ऊन कमी असेल. आपल्याला आठवडा पुरे.

८ फेब्रुवारी
थाई बेसिल मिळेना. दारातली तुळस खुडली. त्यावरून आईशी थोडी चर्चा. दुपारी ती अचानक घोडेगावला ताईकडे निघून गेली. लेकीची आठवण आली असणार. जाताना नाकाला पदर. धूळ फार झालीय हल्ली.

१५ फेब्रुवारी
सॉस तयार. मिरची, लसूण, आलं, गूळ, गवती चहा, फिश सॉस. हर्षालीनं वाटलं, गाळलं, बाटल्या भरल्या. रेसिपी माझी. पिकाचं टॉनिक भरायला आदेशनं आणलेल्या कोऱ्या बाटल्या घेतल्या. तो कुरकुरला. लेबल 'संपत्स थाई', इंग्रजीत.

१६ फेब्रुवारी, रविवार
पहिला बाजार. ग्रीन करीचं पातेलं मांडून बसलो. एक म्हातारे पावणे डोकावून, पालकाचं हाय का, विचारून पुढे गेले. एकानं बाटली उचलली. "भाऊ, फवारणीच्या पंपाला किती टाकायचं?" हसलो. दुकानदार म्हणून ओळख आहे, पुसायला वेळ लागेल.
मग दादाभाऊ आला. नारायणगावचा डीलर, टूरला माझाच रूम पार्टनर. मला वाटलं आधार द्यायला आलाय. मी दोन गिऱ्हाइकांना बँकॉकच्या माझ्या गुरूबद्दल सांगत होतो, तर मधेच म्हणतो, "राव, कसला गुरू! कंपनीनं पुण्यावरनं आचारी नेला व्हता. रोज पिठलं-भाकरी खाल्ली आपण. तू तर पोट बिघडलं म्हणून हाटेलाबाहेर पण पडला न्हाईस." गिऱ्हाइकं हसत गेली.
मित्रानं भर बाजारात गळा कापला. निघायच्या दिवशी मी एका जेवणाच्या गाडीजवळ उभा राहून चांगला दीर्घ वास घेतला होता, हे तो सांगत नाही. नंबर ब्लॉक.
पातेलं भरलेलं परत. म्हशीपुढे ठेवलं. तिनं मान फिरवली. म्हशींना तिखट चालत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
अंगात कणकण. हर्षाली एकटीच बाजाराला गेली, फक्त बाटल्या घेऊन. संध्याकाळी क्रेट रिकामा! लोक काय म्हणाले विचारलं. "घेऊन गेले," म्हणाली, आणि दुसरीकडे बघायला लागली. भरून आलं असणार.
संकल्प: आधी पुणे, मग दुबई. पासपोर्ट शोधणे.

२ मार्च, रविवार
पुन्हा सगळा माल गेला. मी स्टॉलवर बसतो म्हटलं तर हर्षाली म्हणते, उन्हात कशाला, मी हाय ना. किती जपते. दादाभाऊला अनब्लॉक केलं. माझं स्टेटस त्याला दिसलं पाहिजे.

६ मार्च
येडगावला गेलो. भागुजी आपलं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी बऱ्याच बाटल्या नेल्यात. म्हटलं फीडबॅक घेऊ, जेवतानाचा फोटो काढू. घरी द्रौपदाकाकू म्हणाल्या, "ते वावरात हायेत. तुमचंच औषध मारत्यात."
बांधावर गेलो. भागुजींच्या पाठीवर पंप.
"या संपतराव! लई कडक माल. टमाट्यावरचे फुलकिडे पार झोपले बघा. वैनी म्हनल्या, पंपाला दोन झाकणं टाका."
मी म्हणालो, काका, हे खायचं आहे. ते हसत सुटले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.
म्हणजे सॉस एकानंही भाकरीला लावला नाही. एकानंही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हर्षालीला विचारलं. भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "त्या रविवारी तुमी पातेलं घेऊन आलात आन् भिताडाकडं तोंड करून झोपलात. परत बघवलं नसतं मला. लोक औषध समजून मागत व्हते. मी न्हाई म्हनले न्हाई." आदेशला माहीत होतं. घोडेगावला फोनवर आईलासुद्धा. माझ्याच घरात मी एकटाच बाहेरचा.
म्हणालो, तू मला फसवलंस.
म्हणाली, "व्हय."
जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

९ मार्च, रविवार
आमचा बाजार बंद. घरात कोणी कोणाशी बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. बाकीचे बोलतात.

१२ मार्च
हर्षालीला माफ केलं. तिनं मागितली नव्हती, पण मन मोठं असावं लागतं. शांतपणे विचार करता लक्षात आलं की भविष्य ऑरगॅनिक फवारणीचं आहे. नवं लेबल: 'संपत्स थाई अर्क'. खरं म्हणजे पहिल्यापासून माझ्या डोक्यात हेच होतं.

१६ मार्च, रविवार
स्टॉलवर दोघंही होतो. भागुजी आले, हातात टोमॅटोची फांदी. तिच्यावर मुंगळेच मुंगळे.
"ह्यात गूळ व्हता का हो? फुलकिडे परत आले, आन् हे पावणे संगं घेऊन आले. सगळं वावर काळं झालंय." आवाज चढला तशी माणसं जमली. दादाभाऊही दिसला गर्दीत.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात हर्षाली पुढे झाली. "काका, चूक माझी. ह्यांना काय बोलू नका. मीच केलं व्हतं ते."
सगळे माझ्याकडे बघत होते. मी काही बोललो नाही. तसं मिरची-लसूण वाटलं तिनंच होतं.
गर्दी पांगल्यावर तिला म्हटलं, चल, बस गाडीवर. तिनं ऐकलं नाही. पिशवी उचलली आणि चालत निघाली, मागे न बघता. संकटात माणसं साथ सोडतात ती अशी.
स्टॉल एकट्यानं आवरला. भागुजींची फांदी तिथंच पडली होती. मुंगळ्यांनी पानं चाटून चकचकीत केली होती.
म्हणजे चवीत काही दोष नव्हता.