वीज पडलीच नव्हती

उपसाला, ३ एप्रिल २०११

ती. सिगब्रिटमावशीस,
मारितचा शि. सा. न. वि. वि.

कागदावरचं पत्र बघून तू चमकशील. पण मेल पाठवला तर तू तो कुणालातरी वाचून दाखवणार, आणि फोन केला तर तुझा आवाज खाडीपलीकडे टूरेकाकांना ऐकू जाणार. म्हणून हे पाकीट.

आईचा कॉम्प्युटर गेला, हे तुला कळलंच असेल. टूरेकाका म्हणतात की वीज पडली, भिंतीतून ठिणगी आली आणि स्क्रीन काळी झाली. मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासते. आईशी लग्न करून इतकी वर्षं झाली तरी हे त्यांच्या ध्यानात राहिलेलं नाही. मी हवामान खात्यात फोन करून विचारलं. त्या आठवड्यात सबंध किनाऱ्यावर कुठंही वीज पडलेली नाही. तिथला माणूस हसून म्हणाला, बाई, मार्चमध्ये खाडी गोठलेली असताना वीज कुठून आणू.

मग माणूस खोटं का बोलतो? यंत्र जुनं झालं होतं, बंद पडलं, एवढं सांगितलं असतं तरी मी गप्प बसले असते. उगाच वीज पाडायची गरज काय होती?

मला त्या खोक्याचं काही नाही. पण त्यात स्टाफानचे मेल होते. नॉर्वेत बोट उलटून तो गेला तोवर आईला दर रविवारी लिहायचा. आलेलं सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि मेलच्या कंपनीकडे एक ओळ ठेवायची नाही, ही आईची रीत तुला माहीत आहे. आपली पत्रं परक्याच्या घरात कशाला, असं ती म्हणते. त्यामुळे ते मेल दुसरीकडे कुठंच नाहीत. मला तो वाढदिवसाला दोन ओळी पाठवायचा. तेवढ्यावर भाऊ आठवत राहणं फार कठीण जातं, मावशी. आईकडे मागितले की ती म्हणायची, वाचशील गं सावकाश. आता हे असं झालं. त्याचं बोलणं मला परत हवंय. त्या घरातलं दुसरं काही मला नको.

टूरेकाकांना स्टाफान कधीच आवडला नव्हता. कपाटावरचा त्याचा फोटो जिन्याजवळच्या काळोखात कुणी नेला, तेही बघून ठेव.

माझ्यावरची माया कमी करू नकोस, आणि त्यांच्यावरची नजरही.

तुझी,
मारित

*

नूरविक, ९ एप्रिल

चि. मारित हिस,
सिगब्रिटमावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तू लहानपणी ख्रिसमसच्या म्हाताऱ्याचे बूट तपासले होतेस आणि ते बापाचे निघाले होते. तेव्हाच मी म्हटलं होतं, ही पोरगी एक तर पोलिसात जाईल नाहीतर विम्यात.

फोटो तुझ्या आईनं हलवला. उन्हानं त्याचा रंग उडत होता. तेवढ्यापुरता टूरे सुटला. वीज मात्र मलाही पटत नाही. त्या दिवशी मी खिडकीशी बसून मोजे विणत होते. आकाश निरभ्र होतं. त्याला मुद्दाम विचारलं, गडगडाट झाला का रे? म्हणाला, बारीकसा झाला. एवढं बोलून जो सरपणाच्या खोपीत गेला तो जेवायलाच आला. कॉम्प्युटरही तिथंच ठेवलाय, घोंगडीत गुंडाळून. मेलेल्या वस्तूला घोंगडी कशाला पांघरायची, सांग बरं.

तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, गेलं ते जाऊ दे. तिनं हिवाळ्यापासून मरणाची आवराआवर काढली आहे. तब्येत घोड्यासारखी आहे, पण आमच्या वयात प्रत्येकीनं ती काढायचीच, नाहीतर मागच्यांना आपला पसारा उपसावा लागतो आणि मग गाव नावं ठेवतं. मला सूपचं मोठं भांडं मिळालं. चादरी चर्चला गेल्या. दिसेल त्या वस्तूवर ती नावाची चिठ्ठी लावते. टूरेच्या बुटांवरही लावली, आत त्याचे पाय असताना.

तर आता ऐक. काल ती गायनाला गेली आणि टूरे बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता. तेवढ्यात मी खोपीत शिरले. खोकं बर्फावरच्या ढकलगाडीवर घातलं आणि थेट बसच्या थांब्यावर नेलं. सामान उद्या उपसालाला पोचेल. या वयात मला चोर केलंस. घोंगडीत मी सरपण गुंडाळून ठेवलंय.

माझ्यावर लोभ ठेव आणि पकडले गेले तर जामीन राहा.

तुझी,
मावशी

*

उपसाला, २ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वाल्बोरीच्या, म्हणजे एप्रिलअखेरच्या गावशेकोटीला तू सर्दीनं घरात अडकलीस, म्हणून तुला खरा प्रकार माहीत नाही. सगळं क्रमानं लिहिते.

इथं बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून माहिती परत काढून देणारं एक दुकान आहे. खोकं त्यांच्याकडे दिलं. दुकानदारानं उघडून बघितलं आणि सांगितलं की वीज वगैरे काही नाही, आतली एक तारही जळलेली नाही. कुणीतरी हातानं फाइली पुसल्या आहेत. कॉम्प्युटर चालायला ज्या लागतात त्याही पुसल्या, म्हणून तो बंद पडला. मेलचा साठा त्यात मोडका झाला होता, पण तो त्यांनी जोडत आणला. चर्चच्या गायनाचे मेल आले, वीज कंपनीचे आले, शेजाऱ्यांबद्दल तू लिहिलेलं सगळं आलं (ते जपून ठेवलंय). स्टाफानचा कप्पा मात्र रिकामा. तो आदल्या दिवशी वेगळा, मुद्दाम पुसलेला आहे, पहिल्या मेलपासून शेवटच्यापर्यंत. मावशी, आधी स्टाफान आणि दुसऱ्या दिवशी बाकीचं. आमच्या कचेरीत याला आधी चोरी आणि मग आग म्हणतात.

मी शनिवारी तिकडे गेले. शेकोटीहून परत येऊन कॉफीला बसलो तेव्हा टूरेकाकांना तोंडावर विचारलं. वाटलं होतं, हात वर करतील, चिडतील. ते केक कापत होते. सुरी खाली न ठेवता म्हणाले, हो, मीच पुसले. का, म्हटलं. तर म्हणाले, त्रास होत होता. कसला त्रास, ते सांगेनात. आई उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. माझ्या जिभेवर ताबा राहिला नाही. मेलेल्या पोरावर जळणारा माणूस, असं मी त्यांना म्हटलं, आणि त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असंही. ते दारापर्यंत आले आणि माझी पिशवी गाडीत ठेवून गेले.

दुकानदार म्हणतो, पुसलेलं सगळंच नाहीसं होत नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर खरवडून काढता येतं. वेळ लागेल, म्हणाला. मी म्हटलं, लागू दे.

तू तरी माझ्या बाजूनं राहा.

तुझी,
मारित

*

नूरविक, ११ मे

चि. मारितला अ. आ.

तुझ्या बाजूनं आहेच, पण माझं एक ऐक. काल टूरे जाळी दुरुस्त करत होता. मी जवळ बसले आणि सहज विचारलं, ते मेल पुसलेस कसे रे, माझेही थोडे पुसायचेत. बराच वेळ विचार करून म्हणाला, झाकण उघडायचं आणि आतलं काढायचं.

कसलं झाकण, मारित? या माणसाला ते यंत्र सुरू करता येत नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा तो तुझ्या आईकडे देतो. त्यानं वीज पडल्याचं सांगितलं ते खोटं होतं आणि मीच पुसले म्हणाला तेही खोटं आहे. आधी मला त्याचा राग आला होता, आता मला भीती वाटते. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. हा स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घ्यायला बोलतोय. ते कुणासाठी, याचा विचार कर. मी केला, आणि मला रात्री झोप आली नाही.

तुझी आई जेवत नाही. विचारलं तर म्हणते, वय झालं की भूक कमीच होते. काल नावांच्या चिठ्ठ्यांची पेटी शेगडीत टाकली.

रागावू नकोस, आणि लोभ सोडू नकोस.

तुझी,
मावशी

*

उपसाला, २६ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोनच ओळी. दुकानातून फोन आला. सगळे मेल निघाले, स्टाफानचे आणि आईनं त्याला पाठवलेली उत्तरंही. उद्या संध्याकाळी आणते. शनिवारचं मी काही ठेवलेलं नाही. कॉफी करीन, फोन काढून ठेवीन आणि दिवसभर भावाजवळ बसेन. मग त्यात असं काय होतं की कुणालातरी ते पुसावंसं वाटलं, हेही कळेल. आईला अजून सांगू नकोस. छापून, बांधून तिच्या हातात द्यायचं मनात आहे.

किती दिवसांनी मला आनंद झालाय, मावशी.

तुझी,
मारित

*

नूरविक, २७ मे

चि. मारितला,
आईचे अ. उ. आ.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहिते.

टूरेनं काही केलेलं नाही. स्टाफानचे मेल मी पुसले. कपाटं झाली, चादरी झाल्या, मग वाटलं, ते यंत्रही आवरायला हवं. मी गेल्यावर ते कुणी उपसू नये. स्टाफाननं जे लिहिलं ते आईला लिहिलं होतं. तापट पोरगा, तुला ठाऊक आहे. रविवारी एकटा बसला की जगावर राग काढायचा आणि सोमवारी विसरायचा. पण कागद विसरत नाही, आणि यंत्र तर त्याहून नाही. मी ते सगळे पुन्हा एकदा वाचले. तीन दिवस लागले. मग पुसले.

दुसऱ्या दिवशी वाटलं, हात लावलाच आहे तर उरलेलंही साफ करावं. आत किती पसारा होता, मारित. ज्यांची नावं मला कळेनात, जे आपलं नव्हतं, ते सगळं काढून टाकलं. संध्याकाळी यंत्र उठेना. मी घाबरून टूरेला म्हटलं, मारितला काहीतरी सांग. त्याला वीज सुचली. दुसरं काही सुचणारा माणूसच नाही तो. शेकोटीच्या दिवशी मी खरं सांगणार होते. त्यानं मला डोळ्यांनी थांबवलं. मागाहून म्हणाला, पोरगी माझ्यावर आधीच रागावलेली असते, तुझ्यावर रागावली तर तिचं कोण उरेल.

मला रागाव, त्याला नको.

सिगब्रिटनं खोकं तुला पाठवलं, हे तिनं काल रडत कबूल केलं. दुकानदाराला त्यातलं काही सापडलं का? तेवढं एक मला लिही. सापडलं असेल तर न वाचता टाकून दे, असं मी तुला सांगू शकत नाही, तू ऐकणार नाहीस. पण लिही. तोवर मला घास जात नाही.

तुझ्यावरचा माझा जीव आहे तसाच आहे.

तुझी,
आई

*

उपसाला, ३० मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आज आलं. मी शनिवारीच सगळं वाचलं होतं.

तो माझ्यामुळे नॉर्वेला गेला होता. मारितसमोर बसलं की आपण काहीतरी चोरलंय असं वाटतं, असं त्यानं लिहिलंय. मी त्याला भेटायला गेले त्या उन्हाळ्यात तो बोटीवर गेलाय असं मला सांगितलं होतं, पण तो बोटीवर नव्हताच. मित्राच्या घरी बसून मी परत जायची वाट बघत होता. माझा नवा पत्ता तिला देऊ नकोस, हे त्यानं आईला कितीदा तरी लिहिलंय. गेला त्याच्या आदल्या रविवारीही. तो सोमवारी विसरायचा, हे आई माझ्यासाठी म्हणते.

आणि प्रत्येक मेलला आईचं उत्तर आहे. प्रत्येक वेळी ती माझ्या बाजूनं भांडली आहे. मारितला माणसं हातातून निसटायची भीती वाटते, म्हणून ती इतकी घट्ट धरते, असं तिनं त्याला लिहिलंय. एवढी वर्षं हे सगळं पोटात ठेवून ती मला म्हणायची, वाचशील गं सावकाश. मी खूप रडले, मावशी. त्याच्या बोलण्यानं नाही, तिच्या उत्तरांनी.

हे पत्र शेगडीत टाक. दुकानदारानं मेल ज्यावर दिले ती डिस्क मी मोडली आहे. आईला मी आज जे लिहितेय, त्याच्याविरुद्ध तुझ्या तोंडून कधीही शब्द निघता कामा नये. तुला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, ते मला कळतं. तरी बस.

तुझी,
मारित

*

उपसाला, ३० मे

ती. आईस,
मारितचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आधी जेव.

दुकानदारानं आज खोकं परत दिलं. स्टाफानच्या कप्प्यातलं एक अक्षरही निघालं नाही. इतकं स्वच्छ पुसलेलं आपण आजवर पाहिलं नाही, म्हणाला. मी तुझ्यावर रागावलेली नाही. पत्रं तुझी होती, ती ठेवायची की नाही, हे तूच ठरवायचं.

टूरेकाकांना सांग, मी शुक्रवारी येतेय आणि जे बोलले त्याची माफी त्यांच्या तोंडावर मागणार आहे. त्यांना अवघड वाटेल, पण बाहेर जाऊ देऊ नकोस. येताना मी केक आणीन, कापतील तेच.

आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. स्टाफान काय लिहायचा ते आता मला कळणार नाही, पण त्यानं फार बिघडत नाही. माझ्याबद्दल तो तुला चांगलंच लिहीत असणार. मी तसंच धरून चालते.

माया आहे तशी असू दे.

तुझी,
मारित