वहीतले दोन चंद्र

वढाव, ता. पेण
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५
दुपारचे तीन

चि. किशोरीस,

बाबांचे आशीर्वाद. नऊ वर्षांनी पाठवतोय, ते घ्यायचे की नाही हे तुझ्यावर.

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. मिठागरात लाकडी फळीनं मीठ ओढायचो, त्याचा. खर्र... मग जरा थांब... पुन्हा खर्र. तू बांधावर बसून त्या ठेक्यावर शाळेतली कविता म्हणायचीस. मी घाम पुसायला थांबलो की ओरडायचीस, "बाबा, ओढा ना, माझी ओळ अडकली!" पुढं मिठागर बंद पडलं, मी शाळेत शिपाई लागलो आणि वर्गाबाहेर उभा राहून सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता पाठ केल्या. घंटा द्यायला उशीर व्हायचा तो त्याच्यामुळं. एखादं कडवं मध्येच तोडणं जिवावर यायचं.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. मीही लिहिलं होतं. तो कागद फाडला.

तुझ्या भावाची, हर्षदची, मुलगी प्राप्ती आजारी आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. आठ वर्षांची आहे, कपाळ तुझं घेतलंय. तिच्या डोक्यात मागच्या बाजूला, लहान मेंदूत, गाठ निघाली. तेवीस डिसेंबरला मुंबईत ऑपरेशन झालं. त्याआधी नर्सनं तिचे केस काढले, तेव्हा त्या यंत्राचाही असाच आवाज आला. खर्र. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

गाठ काढली. पण त्या दिवसापासून पोर बोललेली नाही. काही मुलांचं असं होतं, वाचा येईल, असं डॉक्टरबाई म्हणतात. तोवर ती नुसती बघते. त्या बघण्यासमोर मला बसवत नाही, म्हणून ओटीच्या खोलीत येऊन हे लिहितोय.

आता ज्यासाठी पत्र, ते.

रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. शरीरातल्या बहुतेक पेशींना म्हणे एक बारीक केस असतो, एकच, डोळ्यांना न दिसणारा. बाहेरचा निरोप तो आत पोचवतो. बाळाचा मेंदू घडत असताना त्याच्यातून 'वाढा, वाढा' असा निरोप जातो आणि काम झालं की बंद होतो. प्राप्तीच्या गाठीत तो बंदच झाला नाही. हर्षद म्हणाला, "म्हंजी उघाडी मोडल्यासारखं. खाडीचं पानी आत घ्यायचं दार बंदच होत न्हाय." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच."

मला मात्र बाईंचा आवाज ऐकूच येत नव्हता. मला तू दिसत होतीस, पुढं याच केसावर संशोधन करायला निघालेली, एम.एस्सी.च्या सुट्टीत चुलीपुढं बसून भाकरी खाणारी. "आई, हाच केस काही गाठींना वाढवतो, आणि काही गाठींना तोच आवरून धरतो. सरसकट वाईट म्हणता येत नाही." तुझी आई म्हणाली होती, "मंग तो केस न्हाय, सून हाय." किती हसलो होतो आपण!

सोमवारपासून किरणं सुरू करायची आहेत. ऑपरेशननंतर फार दिवस जाऊ देता येत नाहीत. सगळी तयारी आहे. पण हर्षदला मोबाईलवर सापडलंय की परदेशात या निरोपाचं दार बंद करणारी गोळी निघालीय. बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं: गोळी आहे, कधी कधी देतातही, पण किरणांच्या जागी नाही, आणि वाढत्या पोरीला तर नाहीच. तोच निरोप हाडांनाही लागतो. हाडं वेळेआधी मिटतात, उंची तिथंच थांबते. हर्षदला तेवढंच ऐकू आलं, की गोळी आहे. आज सकाळी तो पनवेलला एका माणसाकडून ती आणायला गेलाय. मी अडवलं नाही. का नाही अडवलं, ते पुढं लिहितो. धीर झाला तर.

साडेतीन झाले. हर्षद आला.

गोळ्यांचं पाकीट देवांच्या फळीवर ठेवलंय. उद्या सकाळी आंघोळ घालून पहिली गोळी द्यायची म्हणतो. रचना, माझी सून, एरवी नवऱ्यापुढं मोठ्यानं न बोलणारी, आज म्हणाली, "अवो, डॉक्टरबाय नको बोलल्यान ना?"

"तुज्या डॉक्टरबायला सवताची पोर हाय काय? किरणं मारून डोक्याचं काय व्हतं ते तिला काय म्हाईत!"

"आनी उंची?"

"बुटकी राहील. बुटकी चालंल मला." मग माझ्याकडं वळून, जवळजवळ विनवणीनं, "बाबा, तुमीच सांगा हिला. पंधरा दिवसांत धरलंय आपन. कवळं हाय अजून. कवळ्याला एवढी किरणं कशाला?"

पंधरा दिवस. किशोरी, हे पंधरा दिवस माझे आहेत. दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कधीपासून त्रास आहे? दिवसभर पोर माझ्याजवळ असायची, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "पंधरा दिवस." तेच केसपेपरवर चढलं आणि तेच हर्षदच्या मनात बसलं.

माझ्याकडं एक वही आहे. प्राप्ती काही सुंदर बोलली की मी ती तारीख घालून लिहून ठेवायचो. अठ्ठावीस सप्टेंबर: "आबा, बगळ्याला जुळा झाला." कोजागरीच्या रात्री: "आज दोन चंद्र हायेत, एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसलाय." किशोरी, मी नाचलो गं. शाळेच्या वऱ्हांड्यात उभं राहून आयुष्य काढलं, माझ्या घरात शेवटी कवी जन्मला, असं वाटलं. पोरीला एकाचे दोन दिसत होते, आणि मी ते शाईनं, चांगल्या अक्षरात उतरवून घेत होतो.

बांधावरून चालताना ती डावीकडं झुकायची. मी म्हणायचो, "लाडात आली." चौदा नोव्हेंबरला शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. फाटकाशीच तिला उलटी झाली. त्या आठवड्यातली तिसरी. म्हणाली, "आबा, आईला नको सांगू, ती घरी ठेवील." मी माझ्या टॉवेलानं तिचं तोंड पुसलं आणि तिला वर्गात नेलं. पहिला नंबर आला. बक्षीस घेताना ती खाली बसली, डोकं धरून. लोक म्हणाले, लाजली. मीही तेच म्हणालो.

त्यानंतरही महिनाभर मी कुणाला काही सांगितलं नाही. आता बोललो तर आधी का नाही, असं विचारतील, म्हणून. आज सकाळी हर्षदला अडवलं नाही, तेही त्याचमुळं.

परवा रचनाच्या फोनवरून तुला फोन लावला. तू दोनदा "हॅलो, कोण?" म्हणालीस. आवाज हुबेहूब आईचा झालाय. मला बोलवेना. दयारामची गाडी पाचला पुण्याला भाजी घेऊन निघते, त्याच्या हाती हे पाठवतो. तो हसला मला: "काका, मोबाईलच्या जमान्यात पत्र? आत सोनं हाय काय?" तू हर्षदला फोन कर. तू म्हणालीस तर तो ऐकेल. तो तुझ्यावर रागावलेला नाही, कधीच नव्हता. तुझं नाव घरात बंद केलं ते मी. त्याला सांग की हे पंधरा दिवसांचं नाही, तीन महिन्यांचं आहे. ते कुठून कळलं, असं विचारलं तर...

तिथं काय लिहावं ते मघापासून सुचत नाहीये. माझी चूक मी तुझ्या तोंडून वदवून घ्यायला निघालोय.

मग दुसरंही लिहूनच टाकतो. आई गेली त्या दिवशी तू संध्याकाळी पोचलीस. सगळं उरकलेलं होतं. मी दारात आडवा उभा राहून चार लोकांदेखत म्हणालो, "एका केसापायी आईचं तोंड बघायला आली नाहीस. आता हा उंबरा तुझा नाही." तू पिशवी उचललीस. ओट्यावरून उतरलीस आणि चालू लागलीस. किशोरी, आई चार दिवस अंथरुणाला होती. मी तुला कळवलंच नव्हतं. बरी होईल, पोरीच्या कामात कशाला खोडा, असं म्हणून. ती गेल्यावर मला ते कबूल करवेना. ओरडणं सोपं होतं.

बघ ना, दोन्ही वेळा मी फक्त गप्प बसलो.

पावणेपाच. कडी वाजतेय. दयाराम आज लवकर आला वाटतं. पाकिटावर पत्ता घालायचाय अजून.

दयाराम नाही.

मी खिडकीतून पाहिलं. रिक्षा वळून परत चाललीय आणि ओट्याच्या खाली, अंगणात, पाठीला पिशवी लावून तू उभी आहेस. पायरीवर पाय ठेवलेला नाहीस. कडी वाजवली ती रचनानं; मागच्या दारानं तुला घ्यायला गेली असावी, आता तुझ्याजवळ उभी राहून पदरानं डोळे पुसतेय. तो न बोलता ठेवलेला फोन कुणाचा होता, ते तिनंच तुला सांगितलं असणार. केसांत पांढरं आलंय तुझ्या.

आतून हर्षद विचारतोय, "कोन हाय, बाबा?"

दार उघडल्यावर माझ्या तोंडून हे निघणार नाही, म्हणून आधी लिहून घेतो. पत्र तुझ्या हातात देईन. वही उशीखाली आहे, ती हर्षदच्या हातात देईन, तारखांसकट, तू काही बोलायच्या आत. तो मला काय म्हणेल ते म्हणू दे. तू मध्ये पडू नकोस. तू तेवढं देवांच्या फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचल आणि प्राप्तीजवळ बस.

उंबरा तुझाच आहे. तो अडवून जो उभा होता, तो आता बाजूला होतोय.

तुझा अपराधी,
बाबा